कान ठणकतोय? तेलाची वाटी आधी खाली ठेवा

कानात काहीही घालण्याआधी दुखणं पडद्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे बघायचं. घरीच दोन मिनिटांत बऱ्यापैकी अंदाज येतो.

कानाची पाळी हळूच मागे-वर ओढा. मग कानाच्या भोकासमोरचा छोटा कुर्चेचा उंचवटा बोटाने दाबा. यातल्या एकानेही कळ आली, तर सूज बाहेरच्या नळीत आहे. पोहणारे, बड घालणारे आणि दिवसभर इअरफोन लावणारे यांना हे जास्त होतं. नळीची कातडी ओली राहते, बडने खरवडली जाते आणि तिथून जंतू शिरतात.

पाळी ओढून काही फरक पडत नाही, पण दोन-चार दिवसांची सर्दी आहे, ताप आहे आणि आडवं झालं की ठणका वाढतो, तर दुखणं पडद्यामागे आहे. नाक आणि कान जोडणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, त्यामुळे सर्दी सहज वर चढते. बोलता न येणारं बाळ कान ओढतं, दूध ओढता ओढता रडून सोडून देतं. मध्येच कान वाहायला लागून दुखणं एकदम थांबलं, तर पू साचून पडदा फुटलाय. घाबरू नका, बहुतेक वेळा तो काही आठवड्यांत भरून येतो. पण आता त्या कानात पाणी, तेल, जुन्या बाटलीतले थेंब, काहीच जायला नको.

दोन्ही खुणा नाहीत, तर अक्कलदाढ, टॉन्सिल, जबड्याचा सांधा बघा. तंबाखू, गुटखा किंवा मिश्री लावणाऱ्याचा एकच कान दोन-तीन आठवडे दुखतोय आणि कानात काही सापडत नाही, तर तोंड आणि घसा तपासून घ्या. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाची कळ कानात उमटते, आणि हे फार उशिरा लक्षात येतं.

रात्र निभावायची कशी

पॅरासिटामॉल द्या. मुलांना वजनाच्या दर किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. चूक होते ती बाटलीत: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात, आणि तान्ह्या बाळांचे थेंब त्याहून कडक असतात. १० किलोच्या बाळाला १२० च्या बाटलीतून ४ ते ६ मिली लागतं, २५० च्या बाटलीतून २ ते ३ मिलीच. मोजायला घरचा चमचा नको, बाटलीसोबतचं माप घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका, आणि लहान मुलांना अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही.

कोमट, कोरड्या फडक्याने बाहेरून १०-१५ मिनिटं शेका. आधी मनगटावर लावून बघा. मोठ्या माणसाने उशी उंच घ्यावी.

लसणाचं तेल? नको. पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, कढवलेलं तेल भाजतं, आणि तेलकट-ओल्या नळीत बुरशी छान पोसते. जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत कानाला भयंकर खाज सुटून काळे ठिपके किंवा भिजलेल्या कागदासारखा लगदा दिसला, तर बुरशीच समजा. अशावेळी अँटिबायोटिकचे थेंब टाकले तर ती आणखी वाढते. बाळाला मालिश करणाऱ्या बाईंनाही सांगून ठेवा: टाळूला हवं तेवढं तेल लावा, कानात मात्र एक थेंबही नको.

पडद्यामागचं दुखणं बहुतेक मुलांत दोन-तीन दिवसांत अँटिबायोटिकशिवायच उतरतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ, वाहणारा कान, दोन वर्षांच्या आत दोन्ही कान, १०२ च्या वर ताप, या वेळी मात्र ते बहुधा लागतं. कोणतं आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून परस्पर आणू नका.

थेंब लिहून दिले असतील, तर बाटली दोन मिनिटं मुठीत धरा. गार थेंबांनी गरगरतं. कुशीवर झोपवून मोठ्यांची पाळी वर-मागे ओढा, तीन वर्षांच्या आतल्या मुलाची खाली-मागे. थेंब टाकून पुढचा उंचवटा दोन-तीनदा दाबा आणि पाच मिनिटं तसंच पडू द्या.

किडा गेला असेल आणि कान आधी फुटलेला नसेल, तर खोबरेल तेलाचे काही थेंब टाका, तो मरतो. कान दुखत असताना तेल चालतं ते एवढ्यापुरतंच. हरभरा किंवा वाटाणा गेला असेल तर पाणी घालू नका, फुगतो. बटणासारखा सेल गेला असेल तर काहीच न घालता लगेच दवाखाना.

थांबायचं नाही अशी लक्षणं

कानामागे लालसर सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं, तोंड वाकडं होणं, मान ताठणं, गरगरणं, मार लागून कानातून रक्त येणं, एका कानाने अचानक ऐकू न येणं. मधुमेही माणसाचा रात्रभर न झोपू देणारा ठणकाही यातच धरा. १०८ ला फोन करा किंवा नाशिकमध्ये असाल तर त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल गाठा.

पुन्हा होऊ नये म्हणून

रामकुंडात डुबकी मारलीत किंवा तलावात पोहलात की डोकं एकेका बाजूला कलवून पाणी निथळू द्या, टॉवेलच्या कडेने फक्त बाहेरचा भाग पुसा. मळ आपोआप बाहेर सरकतो. बड आणि कानकोरणं त्याला आत ठासतात. बाळाला आडवं टाकून बाटली देऊ नका, घरात बिडी-सिगारेट नको. कानात पू करणाऱ्या एका जंतूविरुद्धची न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात मोफत आहे: दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने.

सर्दीत नाशिकहून मुंबईला निघालात तर कसारा घाट उतरताना दडे बसतात, चढताना तेवढे नाही. उतार सुरू होण्याआधीच गोड गोळी चघळायला घ्या, बाळाला पाजा, आणि झोपलेल्याला उठवा. झोपेत आपण फार कमी गिळतो.