ब्रेकमधली हवा काढण्याआधी हाताशी काय काय हवे

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमधली हवा काढण्याचे काम तसे थोडक्या वेळाचे आहे, पण एकदा निपल, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकवरचा हवा सोडण्याचा छोटा स्क्रू, सैल केले की पाना शोधायला किंवा ऑइलची दुसरी बाटली आणायला उठता येत नाही. ब्रेक ऑइल साठवणाऱ्या डबीतले ऑइल तेवढ्यात तळाला गेले, तर जी हवा काढायला बसलो तीच वरून पुन्हा आत शिरते. म्हणून पुढचे सगळे निपलला पाना लावण्यापूर्वी पाहून आणि मांडून ठेवावे.

सर्वांत आधी दोष हवेचाच आहे ना, याची खात्री करावी. लिव्हर दाबताना मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावर कडक होत असेल, तर बहुधा आत हवा आहे. मात्र लिव्हर दाबून धरल्यावर हळूहळू हँडलकडे सरकत असेल, तर मास्टर सिलिंडरचे (लिव्हरच्या जोराने ऑइल पुढे ढकलणाऱ्या भागाचे) सील झिजले असण्याची किंवा कुठेतरी गळती असण्याची शक्यता जास्त असते, आणि अशा वेळी हवा काढून काहीच साधत नाही. कॅलिपरभोवती (पॅडने डिस्क आवळणाऱ्या भागाभोवती) ओल दिसत असेल किंवा पाइपला चिरा पडल्या असतील, तर आधी ती दुरुस्ती करावी. डबीतले ऑइल नुसते खाली गेले असेल, तर पॅड तपासावेत. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची वाढलेली जागा डबीतले ऑइल भरून काढते. पॅड बदलायचे असतील तर ते आधीच बदलावेत, कारण पिस्टन मागे ढकलले की तेच ऑइल डबीत परत येते आणि काठोकाठ भरलेली डबी ओसंडून वाहते.

त्यानंतर ऑइल. आपण त्याला सवयीने ऑइल म्हणतो, पण डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जांचे ब्रेकचे द्रव ग्लायकॉल इथरवर आधारलेले असतात. इंजिन ऑइल, डिझेल किंवा पेट्रोल यांचा थोडासा अंशही आत गेला तर ब्रेकमधले रबरी सील फुगून निकामी होतात. डबीच्या झाकणावर जो प्रकार छापलेला असेल तोच घ्यावा. डॉट ५ हे नाव ५.१ च्या जवळचे वाटले, तरी तो सिलिकॉनचा वेगळा द्रव आहे आणि इतरांत मिसळत नाही, हे दुकानात उभे असताना लक्षात ठेवायला हवे. बाटली सीलबंदच असावी, याबाबत मी कसलीही सवलत देणार नाही. हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १५५ अंशांचीच हमी उरते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे ऑइल उकळते, त्याची वाफ होते, आणि द्रवासारखी न दबणारी नसल्यामुळे वाफ लिव्हरचा जोर कॅलिपरपर्यंत पोहोचूच देत नाही. मागच्या वेळची अर्धी उरलेली बाटली म्हणूनच वापरू नये. साधारण गाडीच्या पुढच्या आणि मागच्या ब्रेकला मिळून पाव लिटर ऑइल बहुधा पुरते.

हत्यारांत रिंग पाना सर्वांत महत्त्वाचा. निपल बहुधा ८ मिलिमीटरचे असते, क्वचित ७ किंवा १० चे. पाना त्यावर बसवून आधीच पाहावा. निपल आतून पोकळ आणि म्हणून नाजूक असते. मी एकदा घाईत फिक्स पान्याने ते सोडवायला गेलो आणि त्याचे कोपरे गोल झाले, तेव्हापासून रिंग पान्याशिवाय मी त्याला हात लावत नाही. गंजलेले दिसले तर आदल्या दिवशी बाहेरून गंज सोडवणारा द्रव अगदी थोडा लावावा, पण तो डिस्कवर किंवा पॅडवर उडू देऊ नये. डबीच्या झाकणाचे फुलीच्या खाचेचे स्क्रूही असेच चिडखोर असतात. खाचेत घट्ट बसणारा स्क्रू ड्रायव्हर हवा. शिवाय निपलवर आवळून बसणारी पारदर्शक नळी आणि तळाशी थोडे नवे ऑइल घातलेली काचेची बाटली लागते. नळीचे टोक त्या ऑइलमध्ये बुडालेले राहिले की हवा उलट ओढली जात नाही आणि बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

ब्रेक ऑइल रंग खाते, म्हणून टाकीवर आणि मडगार्डवर जाड कापड पसरावे, डिस्कवर प्लॅस्टिकची पिशवी चढवावी आणि पाण्याने भरलेली बादली जवळ ठेवावी. थेंब पडताच तो भरपूर पाण्याने धुऊन काढावा. हातमोजे आणि चष्मा आधीच चढवावेत.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्यावी आणि डबी आडवी, समपातळीत येईल असे हँडल वळवावे. झाकण उघडण्याआधी त्याच्या भोवतीची धूळ पुसावी. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीचे माहितीपुस्तक आधी वाचावे, कारण काही गाड्यांत एबीएसच्या भागात शिरलेली हवा काढायला बिघाडाचे निदान करणारे खास यंत्र लागते. तिथे हे काम घरी सुरू न केलेलेच बरे. निपल किती आवळायचे तो आकडाही त्याच पुस्तकातून टिपून ठेवावा.

सोबतीला कोणी असेल तर कोरडा सराव करून घ्यावा: लिव्हर दाबून धरणे, निपल पाव फेरा सैल, लिव्हर तळापर्यंत, निपल बंद, आणि मगच लिव्हर सोडणे. "बंद" हा शब्द ऐकल्याशिवाय लिव्हर सुटता कामा नये, हे दोघांनी आधीच ठरवावे. किती वेळा हे केल्यावर डबीत नजर टाकायची हेही ठरवावे. मी प्रत्येक चार-पाच दाबांनंतर पाहतो आणि पातळी किमान खुणेच्या वरच ठेवतो.

निघालेल्या जुन्या ऑइलसाठी घट्ट झाकणाचा डबा हवा, आणि त्यावर नाव लिहिलेले असावे. पाण्याच्या बाटलीत ते कधीही भरू नये, कारण ते विषारी असते, आणि मोरीतही ओतू नये. शेवटी वाहने नसलेली मोकळी, सपाट जागा आधीच हेरून ठेवावी. लिव्हर कडक लागल्यावर इंजिन बंद ठेवूनच गाडी तिथे हाताने ढकलत ब्रेक दाबून पाहायचा, आणि चाक जागच्या जागी थांबल्याशिवाय गाडीवर बसायचे नाही.