सोलापुरात राहून डिजिटल चित्रकार होताना

सोलापुरात राहून चित्रांवर पोट भरता येते का, हा प्रश्न दहावीनंतर चित्रकलेकडे वळू पाहणारी मुले मला नेहमी विचारतात आणि त्यांचे पालक त्याहून अधिक काळजीने विचारतात. माझे उत्तर होकारार्थी आहे. आपल्यासारख्या देशातील मध्यम शहरात चित्रकाराच्या वाटेत दोन मोठे अडथळे होते, साहित्याचा खर्च आणि मुंबई-पुण्यापासूनचे अंतर. डिजिटल माध्यमाने हे दोन्ही बऱ्याच अंशी दूर केले, हा त्याचा खरा लाभ मला वाटतो.

चांगला जलरंगाचा कागद आणि रंगाच्या नळ्या यांचा खर्च सरावाच्या प्रत्येक चित्राबरोबर वाढत जातो, त्यामुळे बेताच्या परिस्थितीतील मुले हात राखूनच रंगवतात. पडदा नसलेला साधा पेन टॅबलेट, म्हणजे पेनाने ओढलेली रेघ संगणकावर उमटवणारी पाटी, चार-पाच हजार रुपयांत मिळतो, घरातला जुना संगणक सुरुवातीला चालतो आणि क्रिटा, इंकस्केप, ब्लेंडर यांसारखी चित्रकामाची मुक्त सॉफ्टवेअरे पूर्णपणे मोफत आहेत. मात्र रेषा हातातच असावी लागते. शासकीय रेखाकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी केलेला वस्तुचित्राचा आणि स्मरणचित्राचा सराव पुढे पडद्यावर जसाच्या तसा उपयोगी पडतो. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर वही घेऊन बसावे, नंदीध्वज पेलणाऱ्यांच्या अंगावरची पांढरी बाराबंदी जानेवारीच्या उन्हात कुठे पिवळसर आणि सावलीत कुठे निळसर दिसते ते पाहावे. पांढरा रंग पांढऱ्याने रंगवायचा नसतो, हे तिथे जसे समजते तसे कोणत्याही व्हिडिओतून समजत नाही.

अंतराचा प्रश्न सुटला तो कामाच्या पद्धतीमुळे. बालपुस्तकाचे काम आले की आधी सर्व पानांचे अंगठ्याएवढे कच्चे आराखडे जातात, मग पेन्सिलीसारखी रेखाटने आणि शेवटी रंग. प्रत्येक टप्प्यावर संपादकाच्या सूचना येतात आणि हे सगळे घरबसल्या होते. येथे लेअरचे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचे, महत्त्व नीट समजून घ्यावे. मजकूर, पात्रे आणि पार्श्वभूमी वेगवेगळ्या लेअरवर ठेवली तर एकाच चित्रावर मराठीबरोबर कन्नड, तेलुगू किंवा उर्दू मजकूर बसवता येतो. या चारही भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आपल्या शहराला याचे मोल सांगायला नको. प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनसंस्थेने 2015 मध्ये स्टोरीवीव्हर हा बालपुस्तकांचा ऑनलाइन मंच याच विचाराने सुरू केला आणि त्यावरील पुस्तके मुक्त परवान्याखाली असल्यामुळे नवोदितांना ती अभ्यासासाठीही खुली आहेत. ज्या भाषांतील बालपुस्तकांना मोठा खप नाही, त्यांच्या मुलांपर्यंत चांगले चित्र पोहोचण्याचा इतका स्वस्त मार्ग पूर्वी नव्हता.

तरीही सोलापूरच्या मुलांनी केवळ पुस्तकांकडे पाहू नये, असे मी आग्रहाने सांगतो, कारण या शहराचा स्वतःचा चित्रव्यवसाय जकार्ड मागावर, म्हणजे उभे धागे हवे तसे निवडून उचलत नक्षी विणणाऱ्या मागावर, उभा आहे. चादरीवरचा मोर किंवा फुलाचा बुट्टा आधी चौकटींच्या ग्राफवर उतरवला जातो. रंगवलेली चौकट म्हणजे त्या आडव्या धाग्यापाशी उभा धागा वर उचलायचा, असा त्याचा अर्थ. पूर्वी या ग्राफवरून पंचकार्डे तयार होत, प्रत्येक आडव्या धाग्यासाठी एक कार्ड, आणि छिद्र असेल तिथला धागा उचलला जाई. इलेक्ट्रॉनिक जकार्डवर संगणकावरच्या चित्राची फाइल थेट मागाला देता येते, म्हणजे ग्राफच्या चौकटीची जागा पिक्सेलने, पडद्यावरच्या चित्राच्या सर्वांत लहान ठिपक्याने, घेतली. पण पुस्तकाच्या चित्राची सवय इथे आड येते. मऊ कडेचा ब्रश दोन रंगांच्या मधल्या कित्येक छटा तयार करतो आणि मागाकडे तर मोजक्या रंगांचे सूत असते. म्हणून कडक कडेचा पिक्सेल ब्रश वापरावा आणि छटा हवीच असेल तर ती विणीतून साधावी. शिवाय इंचाला उभे धागे जास्त आणि आडवे कमी असतील, तर पडद्यावर चौकटी मोजून काढलेले गोल फूल कापडावर उभट होते. त्यामुळे धाग्यांचे प्रमाण आधी विचारून ग्राफ त्याप्रमाणे लावावा. पूर्व भागातील कारखान्यांतून जुन्या डिझाइन मास्तरांजवळ बसून हे शिकता येते आणि ती संधी दवडू नये. संगणक सफाईने चालवणारे पुष्कळ भेटतात. वीण समजणारे आणि चित्रही काढणारे फार थोडे आहेत.

छपाईसाठी एवढे पुरे: फाइल सुरुवातीपासून 300 डीपीआयची (इंचाला 300 ठिपके) ठेवावी, म्हणजे ए-4 पानासाठी 2480 बाय 3508 पिक्सेल, आणि पडद्यावर झळकणारे हिरवे-निळे रंग शाईत मंदावतात हे गृहीत धरून छापखान्याकडून एक नमुना प्रत मागावी. देवनागरी जोडाक्षरे तुटत असतील, तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत दक्षिण आशियाई लिपींची मांडणी देणारा पर्याय निवडावा.

पैशांपेक्षा हक्कांची बाब नवोदितांकडून अधिक दुर्लक्षित राहते आणि तिच्याविषयी मला मनापासून काळजी वाटते. स्वामित्वहक्क कायदा 1957 नुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा ठरू शकतो. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी लेखी करार करावा आणि चित्र कोणत्या पुस्तकासाठी, कोणत्या भाषांसाठी आणि किती काळासाठी दिले आहे ते त्यात नमूद करावे. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते मानतो. आगाऊ रक्कम मागण्यात संकोच करू नये, तसेच मानधनातून कर कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून हिशोब पूर्ण करावा.

नमुन्यांचा संच पाठवताना सुटी सुंदर चित्रे गोळा करून धाडू नयेत. संपादकाला एकच पात्र सलग तीन-चार प्रसंगांत, निरनिराळ्या कोनांतून आणि तरीही ओळखू येईल असे काढलेले पाहायचे असते. कापडासाठी मात्र बुट्टा, किनार आणि जोड न दिसता पुन्हापुन्हा बसणारा नमुना वेगळा ठेवावा.