जर्मनीत भारतीय लायसन्सवरून जर्मन लायसन्स काढायचंय? मग पहिल्याच महिन्यात कामाला लागा

जर्मनीत नवीन आलेल्या आपल्या बहुतेक मंडळींचं ठरलेलं असतं की सहा महिने आपलं भारतातलं लायसन्स चालतं ना, मग आत्ता घर, बँक, इन्शुरन्स, मुलांची शाळा हे सगळं बघू आणि लायसन्सचं नंतर. सहा महिने चालतं हे बरोबर आहे. पण हे सहा महिने तुम्ही इथे राहायला आलात त्या दिवसापासून मोजतात, म्हणजे व्यवहारात पत्त्याची नोंदणी झाली, आनमेल्डुंग झालं, की मुदत सुरू, मग तुम्ही गाडी चालवा नाहीतर न चालवा. आणि अर्ज टाकल्यापासून परीक्षेला बसायची परवानगी येईपर्यंतच कित्येक आठवडे जातात, मोठ्या शहरात तर त्याहून जास्त, मग फारशूल म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जागा मिळायला वेळ, परीक्षेची तारीख मिळायला वेळ. पाचव्या महिन्यात जागे झालात तर मध्ये काही महिने तुम्हाला गाडी चालवताच येणार नाही हे धरून चाला.

आणि सहा महिने उलटल्यावर 'कोण बघतंय' म्हणून चालवू नका, अगदी कळकळीने सांगतोय. पोलिसांनी पकडलं तर ते दंडाची पावती फाडून सुटण्यातलं प्रकरण नाही, लायसन्सशिवाय गाडी चालवणं हा इथे फौजदारी गुन्हा आहे, कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड लिहिलेला आहे. अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी तुमच्याकडून पैसे वसूल करायला मागे लागते ते वेगळंच, आणि पुढे नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर असली नोंद आडवी येऊ शकते. वर्षभराच्या आतच परत जाणार असाल आणि तसं कागदोपत्री दाखवता येत असेल तर ती सहा महिन्यांची मुदत वाढवून मिळू शकते, पण कायमचं राहायला आलेल्यांना त्याचा उपयोग नाही.

आता मुख्य मुद्दा. काही देशांच्या लोकांना इथे लायसन्स सरळ बदलून मिळतं, परीक्षा नाही काही नाही. त्या यादीत भारत नाही. त्यामुळे आपल्याला लेखी आणि गाडीची अशा दोन्ही परीक्षा द्याव्याच लागतात. मग भारतीय लायसन्सचा फायदा काय, तर सक्तीचं ट्रेनिंग माफ होतं. इथे पहिल्यांदा कारचं लायसन्स काढणाऱ्याला ९०-९० मिनिटांचे १४ थिअरी क्लास बसून काढावे लागतात आणि वर शहराबाहेरचे रस्ते, आउटोबान म्हणजे इथला एक्स्प्रेसवे आणि रात्रीचं ड्रायव्हिंग मिळून १२ स्पेशल तास घ्यावेच लागतात, साध्या प्रॅक्टिसचे तास वेगळे. आपल्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. या सगळ्या प्रकाराला इथे उमश्राइबुंग म्हणतात, ऑफिसात आणि फारशूलमध्ये पहिल्याच वाक्यात हा शब्द वापरा म्हणजे ते तुम्हाला नवशिक्यांचं पूर्ण पॅकेज गळ्यात मारणार नाहीत.

फारशूल मात्र लागतंच. स्वतःची किंवा मित्राची गाडी घेऊन परीक्षेला जाता येत नाही, शेजारी ट्रेनर आणि त्याच्या पायाशी वेगळे पेडल असलेलीच गाडी लागते.

भारतातून अजून निघाला नसाल तर आत्ताच तीन गोष्टी बघून घ्या. लायसन्सची मुदत संपत आली असेल तर निघायच्या आधी रिन्यू करा, आणि नवीन कार्डावर लायसन्स पहिल्यांदा कधी मिळालं ती तारीख आहे ना ते तपासा, कारण ती तारीख पुढे कामाला येते. दुसरं, ओरिजिनल कार्ड बरोबर आणा, डिजिलॉकरवरचं इथे कुणी विचारात घेत नाही. तिसरं म्हणजे ज्यांच्याकडे लायसन्सच नाही त्यांनी काढायचं असेल तर यायच्या आधी काढा. इथे पत्ता नोंदवून राहायला लागल्यावर दिवाळीत सुट्टीला घरी जाऊन आरटीओतून लायसन्स काढून आणू असा विचार बरेच जण करतात, ते चालत नाही. लायसन्स मिळालं तेव्हा तुम्ही खरोखर भारतात राहत होता हे लागतं. लर्निंग लायसन्सचा तर प्रश्नच नाही.

कागदपत्रं फार नाहीत. पासपोर्ट, पत्ता नोंदणीचं पत्र, बायोमेट्रिक फोटो, ओरिजिनल लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर. भाषांतर एडीएसी म्हणजे इथला मोठा ऑटोमोबाइल क्लब करून देतो किंवा कोर्टाने मान्यता दिलेला भाषांतरकार करून देतो, पहिले सहा महिने गाडी चालवतानाही हे भाषांतर बरोबर असू द्या. मग डोळ्यांची टेस्ट, ती कुठल्याही चष्म्याच्या दुकानात दहा मिनिटांत होते, साडेसहा युरोच्या आसपास लागतात आणि दोन वर्षं चालते. चष्मा असेल तर घालून जा. आणि फर्स्ट एडचा एक दिवसाचा कोर्स, ४५ मिनिटांचे ९ तास, रेड क्रॉस, योहानिटर, माल्टेझर अशा संस्था घेतात, मोठ्या शहरात इंग्लिशमधूनही असतो पण त्या जागा पटकन भरतात. हा कोर्स कंटाळवाणा आहे म्हणून शेवटी ढकलू नका, कारण त्याच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज अडून राहतो. खरं तर तो कोर्स चांगला असतो, बाहुलीवर छाती दाबून बघितल्याशिवाय कळतच नाही की किती जोर लावायचा असतो.

हे सगळं घेऊन तुमच्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या फ्यूररशाइनश्टेलमध्ये म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात अर्ज द्यायचा. अर्जावर फारशूलचं नाव लागतं, म्हणून आधी फारशूल ठरवा. फी गावागणिक थोडी बदलते. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यायची, आणि नाही मिळाली तर सकाळी लवकर परत परत साइट उघडून बघायची, रद्द झालेल्या वेळा तेव्हा दिसतात. परवानगी आली की लेखी परीक्षा एक वर्षात पास व्हायची आणि ती पास झाल्यापासून पुढच्या एक वर्षात गाडीची, नाहीतर केलेलं वाया.

लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर असते, जर्मन सोडून १२ भाषांत देता येते, त्यात इंग्लिश आहे, हिंदी किंवा मराठी नाही. ३० प्रश्न असतात, प्रत्येक प्रश्नाला २ ते ५ पॉइंट, आणि चुकलेल्या प्रश्नांचे पॉइंट मिळून १० पर्यंत चालतात. पण ५ पॉइंटवाले दोन प्रश्न चुकले तर बेरीज १० होऊनसुद्धा नापास. एका प्रश्नाची दोन किंवा तिन्ही उत्तरं बरोबर असू शकतात, आणि एक जरी खूण राहिली तरी तो अख्खा प्रश्न चुकला. आपल्याकडे एमसीक्यू म्हटलं की एकच उत्तर शोधायची सवय आहे, पहिले काही दिवस हेच नडतं. काही प्रश्न व्हिडिओवर असतात, तिथे प्रश्न उघडायच्या आधी क्लिप पाच वेळाच बघता येते, त्यामुळे आरसे, फुटपाथवरची मुलं, बाजूच्या गल्लीतून डोकावणारी गाडी सगळं टिपून मगच पुढे जा. नापास झालात तर परत बसायला किमान दोन आठवडे थांबावं लागतं.

अभ्यासाला फारशूल ॲप देतं, त्यात परीक्षेतले हेच प्रश्न असतात, एक हजाराहून जास्त. १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला प्रश्न बदलतात, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी दिलेल्या पीडीएफवर विसंबू नका. गणिताचे प्रश्न थोडेच असतात, गाडी थांबायला लागणारं अंतर वगैरे. ताशी ५० च्या वेगाला १० ने भागा, ५ आले, त्याला ३ ने गुणा, १५ मीटर हे तुमचं लक्षात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर, आणि ५ चा वर्ग २५ मीटर हे ब्रेक लागून गाडी उभी राहायचं, एकूण ४०. हाच हिशोब १०० च्या वेगाला केलात तर १३० मीटर येतात. इथले लोक पुढच्या गाडीपासून एवढं अंतर का ठेवतात ते या दोन आकड्यांत कळतं.

आता गाडीची परीक्षा. आपले दहा-दहा वर्षं पुण्या-मुंबईत गाडी चालवलेले लोक इथेच अडकतात, आणि मला यावरच जास्त बोलायचंय. क्लच, गिअर, छोट्या जागेत गाडी घालणं यात आपण कमी नाही. उजव्या बाजूने चालवायची सवयसुद्धा थोड्याच दिवसांत होते. मात्र आपण बघतो समोर, आणि बाकीचं कानावर सोडतो, मागचा हॉर्न देईलच या भरवशावर. इथे हॉर्न धोका असेल तेव्हाच द्यायचा असतो, शहरात बहुतेक वेळा कुणी देतच नाही, त्यामुळे बाजूला कोण आहे हे तुम्हालाच मान वळवून बघावं लागतं. शुल्टरब्लिक म्हणतात त्याला, खांद्यावरून मागे बघणं. उजवीकडे वळताना आतला आरसा, उजवा आरसा, मग उजव्या खांद्यावरून नजर, कारण तुमच्या उजव्या अंगाने सरळ जाणारा सायकलवाला असतो, तो हिरव्या सिग्नलवर त्याच्या हक्काने चाललेला असतो, आणि तो आरशात दिसत नाही. परीक्षक मागच्या सीटवर बसलेला असतो आणि त्याला तुमची मान हललेली दिसली पाहिजे, नुसते डोळे फिरवून त्याला कळत नाही.

दुसरं म्हणजे रेश्ट्स फोर लिंक्स. जिथे सिग्नल नाही, बोर्ड नाही, तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात तुम्ही ३० च्या झोनमध्ये एका साध्या सोसायटीच्या रस्त्याने चाललेले असता, दोन्ही बाजूला गाड्या पार्क केलेल्या, रस्ता सरळ आणि रुंद, वाटतं आपणच मेन रोडवर आहोत, आणि उजवीकडून एक बारीक गल्ली येऊन मिळते जी शेवटच्या पार्क केलेल्या व्हॅनमुळे दिसतच नाही. तिथून आलेल्या गाडीचा हक्क पहिला. म्हणून अशा रस्त्यावर प्रत्येक तोंडाशी वेग अगदी कमी करायचा, पाय ब्रेकवर तयार ठेवायचा, मान उजवीकडे वळवून बघायचं आणि मगच पुढे. मात्र ती गल्ली रस्त्याच्या पातळीला कड उतरवलेल्या फुटपाथवरून रस्त्याला मिळत असेल तर तिकडून येणाऱ्याने थांबायचं असतं, तुम्ही उगाच थांबून राहू नका. हा फरक ट्रेनरला प्रत्यक्ष जागेवर नेऊन दाखवायला सांगा, पुस्तकात वाचून तो लक्षात राहत नाही.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी ट्रेनर सांगेलच, स्टॉपच्या बोर्डला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, राउंडअबाउटमध्ये शिरताना इंडिकेटर नाही पण बाहेर पडताना हवा, सायकलवाल्याला ओलांडताना शहरात दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर, आउटोबानवर शिरताना घाबरून सावकाश न जाता त्या लेनमध्येच वेग वाढवायचा, आणि उजव्या बाजूने ओव्हरटेक करायचं नाही.

म्हणून तास वाचवायला जाऊ नका. सक्तीचे नाहीत याचा अर्थ लागत नाहीत असा नाही. ४५ मिनिटांच्या एका तासाला शहराप्रमाणे साधारण ५० ते ८० युरो जातात, जीवावर येतं मान्य आहे, पण परीक्षेत नापास झालात तर परत परीक्षेची फी, फारशूलची त्या दिवसाची फी आणि नवीन तारखेची वाट, हे सगळं मिळून त्याहून महाग पडतं. पहिल्या तासानंतर ट्रेनरला सरळ विचारा की मला अंदाजे किती लागतील, आणि तुमच्या भागातल्या परीक्षेच्या रस्त्यांवरच प्रॅक्टिस घ्या. फारशूल निवडताना फक्त रेट बघू नका, उमश्राइबुंगची माणसं त्यांनी आधी केलीत का आणि ट्रेनरला इंग्लिश येतं का ते विचारा. गाडी गिअरची घ्यायची की ऑटोमॅटिक हेही आधी ठरवा, कारण ऑटोमॅटिकवर साधी परीक्षा दिलीत तर लायसन्सवर ७८ नंबरचा कोड पडतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही.

परीक्षा साधारण ५५ मिनिटांची असते. सुरुवातीला गाडीबद्दल एखादा प्रश्न, टायरची खाच किमान किती तर १.६ मिलिमीटर, लाइट कसे तपासाल, बॉनेट उघडून ब्रेक फ्लुइड दाखवा असलं काहीतरी. मग ड्रायव्हिंग, आणि त्यात पार्किंग, गाडी उलटी फिरवणं किंवा अचानक जोरात ब्रेक मारून दाखवणं यातलं काहीतरी. सूचना जर्मनमध्ये असतात, दुभाषा मिळत नाही. जर्मन फार लागत नाही, पण डावीकडे, उजवीकडे, पुढच्या चौकात, पुढची संधी मिळेल तिथे, उजवीकडे थांबा, गाडी वळवा, इथे पार्क करा एवढी वाक्यं कानाला पक्की हवीत, म्हणून शेवटचे काही तास ट्रेनरला फक्त जर्मनमध्येच बोलायला लावा. काहीच सांगितलं नाही तर सरळ जायचं. सूचना कळली नाही तर 'बिट्टं नोखमाल' म्हणून परत विचारा, त्याचे मार्क जात नाहीत. चुकीच्या गल्लीत वळलात तरी नियम पाळून वळलात तर चालतं, घाईत लेन कापून बरोबर रस्ता पकडायला गेलात तर मात्र संपलं. निकाल तिथेच गाडीत सांगतात.

पास झालात की कार्ड हातात देताना तुमचं भारतीय लायसन्स ते काढून घेतात. त्याचे दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आणि झेरॉक्स आधीच करून ठेवा. कायमचं भारतात परत जायचं झालं तर जर्मन कार्ड जमा करून ते परत मागता येतं, त्यासाठी ते कुठे ठेवणार हे ऑफिसात तेव्हाच विचारून घ्या. कार्डाची मुदत १५ वर्षं असते. आणि सुरुवातीला म्हटलेली ती पहिल्या लायसन्सची तारीख इथे कामाला येते, कारण नवीन ड्रायव्हरला दोन वर्षांची प्रोबेत्साइट म्हणजे प्रोबेशन असते, त्या काळात मोठी चूक झाली तर जादा क्लास लावतात आणि दारूचा एक थेंबही चालत नाही, पण भारतातल्या लायसन्सचा काळ त्यात धरतात. म्हणजे तुमचं लायसन्स दोन वर्षांहून जुनं असेल तर ही प्रोबेत्साइट तुम्हाला लागतच नाही. बाइकचं लायसन्स भारतीय कार्डावर असलं तरी त्याची परीक्षा इथे वेगळी द्यावी लागते, चालवायची असेल तर अर्जातच दोन्ही लिहा.