अंकातल्या कविता कशा वाचायच्या आणि त्यांच्यावर कसं लिहायचं

अंक आला की कवितांची पानं आपण बहुतेक जण शेवटी वाचू म्हणून ठेवतो आणि मग ती राहूनच जातात. मी पण तेच करायचे. आता आधी कविताच वाचते, आणि एका बैठकीत एकाच कवीच्या, कारण संपादक बऱ्याचदा एकाच्या तीन-चार कविता एकत्र छापतात, त्या सलग वाचल्या की कुठला शब्द परत परत येतोय, ओळ कुठे तोडायची सवय आहे ते आपोआप दिसायला लागतं.

पहिलं वाचन मनात, दुसरं मोठ्याने. हे टाळू नका प्लीज. मुक्तछंदात वृत्त नसलं तरी लय असते आणि ती कानालाच कळते, जीभ अडखळली तिथे पेन्सिलने खूण करा. तिसऱ्यांदा फक्त ओळी कुठे तुटल्यात ते बघा. उदाहरण मीच रचून देते:

आई गेली
पाणी आणायला

सलग लिहिलं तर रोजचीच गोष्ट. पण ‘गेली’वर ओळ संपली की पोटात धस्स होतं, पुढच्या ओळीने जीव भांड्यात पडतो आणि तरी ते धस्स पुरतं जात नाही, विहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या बाईच्या पोरांना रोज जे वाटत असेल ते सगळं त्या तुटलेल्या जागेत आहे. परीक्षणात लिहायचं ते हेच. ‘पाणीटंचाईचं दाहक वास्तव’ हे तर कविता न वाचताही लिहिता येतं.

शब्द अडला तर खुशाल विचारा. १९७२ च्या ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहाची प्रस्तावना लिहिताना नाटककार विजय तेंडुलकरांनी न कळलेल्या शब्दांचे अर्थ थेट कवीकडून, नामदेव ढसाळांकडून समजून घेतले होते. अहिराणी किंवा मालवणी शब्दासाठी तिकडच्या ओळखीच्या माणसाला फोन करा, डिक्शनरीत तो मिळेलच असं नाही.

कविता आवडली नाही तर तसंही लिहा, पण कुठली ओळ सैल वाटली ती देऊन. कवीच्या आयुष्यावर घसरू नका.

सरावाला ‘कवितारती’चे जुने अंक मिळवा, पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये धुळ्यातून सुरू केलेलं, निव्वळ कवितेला वाहिलेलं नियतकालिक. आणि परीक्षण पाठवायच्या आधी त्यातले ‘तरल’, ‘संवेदनशील’, ‘अंतर्मुख करणारी’ हे शब्द खोडा, प्रत्येकाच्या जागी कवितेतली एक ओळ घाला.