अनुदानाचा अर्ज अडकतो कुठे? या चुका टाळा

"ताई, अल्पसंख्याकांना सरकार दहा लाख देतंय म्हणे. फॉर्म कुठं मिळतो?"

मिरजेत प्रकल्प अहवाल आणि ट्रस्टची कागदपत्रं करून देणं हे माझं काम. आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न टेबलासमोर येतो. विचारणारा कधी सतारमेकरांच्या घरातला पोरगा असतो, कधी पापड-मसाले करणाऱ्या जैन काकू, कधी नुकताच आयटीआय झालेला बौद्ध तरुण. सोबत व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज असतोच. मेसेजमागची योजना बहुतेकदा खरी असते, पण मेसेजमध्ये ती ओळखू येत नाही. मग माणूस सहा महिने भलत्याच दारात उभा राहतो.

कर्जालाच अनुदान समजणं

मुद्रा, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीची केंद्राची योजना, हे कर्ज आहे. त्यात भांडवली सबसिडी नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ देतं तेही कर्जच, व्याज कमी असलं तरी फेडायचं. उद्योग सुरू करणाऱ्याला थेट हातात पैसे देणाऱ्या योजना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेक ठिकाणी अनुदान बँकेच्या कर्जाला जोडून येतं, आणि तेही मागून.

माझ्याकडून सगळ्यात जास्त अर्ज जातात ते पीएमईजीपीला, म्हणजे केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती योजनेला, म्हणून तिचाच हिशेब सांगते. २०२२ च्या सुधारणेनंतर उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंत आणि सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, महिला हे सगळे 'विशेष प्रवर्ग'. त्यांना शहरात २५ टक्के, ग्रामीण भागात ३५ टक्के सबसिडी आणि स्वहिस्सा फक्त ५ टक्के. म्हणजे म्हैसाळला १० लाखांचं युनिट टाकलं तर तुमचे ५० हजार, बँकेचं कर्ज साडेनऊ लाख, आणि त्यातल्या साडेतीन लाखांची सबसिडी. तेच युनिट मिरज शहरात टाकलं तर सबसिडी अडीच लाख. ग्रामपंचायत हद्द ग्रामीण, नगरपालिका-महापालिका हद्द शहरी, इतका सरळ नियम आहे. तरी भाड्याची जागा आधी ठरवून नंतर हा फरक कळल्यावर कपाळावर हात मारून घेणारे मी पाहिलेत.

ते साडेतीन लाख तुमच्या हातात कधीच येत नाहीत. बँकेत तुमच्या नावावर तीन वर्षं मुदत ठेवीत पडून राहतात. त्यांच्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू आहे का हे बघायला माणूस येतो आणि मग रक्कम कर्जात वळती होते. मधल्या काळात हप्ते थकले तर सबसिडी धोक्यात येते.

इथली एक चूक माझ्या पदरात आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका बेकरीच्या अहवालात मी खेळतं भांडवल (कच्चा माल, पगार असा रोजचा खर्च) फुगवून दाखवलं. प्रकल्प मोठा दिसला, मंजूरही झाला. पण नियम असा की कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक देते त्या उचलीची मर्यादा तीन वर्षांत एकदा तरी पूर्ण वापरलेली हवी आणि एरवीचा वापर ७५ टक्क्यांच्या खाली नको. बेकरीला तेवढ्या पैशांची गरजच नव्हती. तपासणीच्या वेळी खात्याचा उतारा बघून मलाच घाम फुटला. तेव्हापासून मी आधी विचारते, "महिन्याला मैदा किती लागतो?" मग आकडा लिहिते.

मशीन आधी, अर्ज नंतर

पीएमईजीपी नव्या युनिटसाठी आहे. दिवाळीच्या ऑफरमध्ये मशीन घेतलं, हौसेनं उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी केली, दोन महिने धंदा केला आणि मग अर्ज टाकला, तर कागदावर तुमचं युनिट 'चालू' ठरतं आणि अर्ज तिथेच संपतो. कोटेशन घ्या, पैसे भरू नका.

दुसरं, नावावरून योजना निवडू नका. सतारमेकरांचा तो पोरगा पीएम विश्वकर्मा धरून बसला होता. मिरजेच्या सतारीला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, कारागिरांची योजना आहे, मग आपण बसणारच, असा त्याचा हिशेब. पण विश्वकर्माच्या यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, कुंभार आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. वाद्य बनवणारा नाही. मी त्याला सुतार म्हणून घुसवायला नकार दिला तेव्हा तो रागावला. पुढे त्याचा अर्ज पीएमईजीपीत, स्वतःच्या वेगळ्या नव्या युनिटसाठी केला.

एजंटबद्दल थोडक्यात: अर्ज ऑनलाइन आणि फुकट आहे. अहवाल लिहून घेण्याचे पैसे द्या, 'मंजूर करून देण्याचे' देऊ नका. आणि सूक्ष्म उद्योगाच्या किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शाखेत कुणी घराचा उतारा मागितला तर तो नियम नम्रपणे आणि लेखी विचारा. लेखी विचारलं की बरंच काही सुरळीत होतं.

दाखल्यावर एक, अर्जावर एक

केंद्राच्या यादीत सहा अल्पसंख्याक समाज आहेत: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. आपल्याकडे जास्त गोंधळ होतो तो बौद्धांच्या अर्जात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू' आणि जात लिहिलेली, अर्जात धर्म बौद्ध आणि प्रवर्ग अल्पसंख्याक. छाननीत शेरा पडतो: पुरावा जोडा. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा लाभ मिळतो. जातीचा दाखला हातात असेल तर पीएमईजीपीत सरळ अनुसूचित जातीची खूण करा. टक्का तोच आहे. अल्पसंख्याकांच्याच योजनेत जायचं असेल, तर आधी राजपत्रात धर्मबदलाची नोंद करून कागद जुळवून घ्या, मग अर्ज करा. अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी महात्मा फुले महामंडळ. दोन्हीकडे एकाच कागदांचे गठ्ठे टाकून वाट बघण्यात अर्थ नाही.

संस्थेच्या घटनेतलं एक वाक्य

आता मंडळं आणि ट्रस्ट. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ही चूक वीस-वीस वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

समाजाच्या मंडळाची घटना कुणीतरी जुन्या नमुन्यावरून लिहिलेली असते. उद्देशाच्या पहिल्याच ओळीत असतं: "अमुक समाजातील गरजू विद्यार्थ्यांना मदत करणे." भावना चांगली आहे, पण आयकर कायद्यात एखाद्या विशिष्ट धर्माच्या किंवा जातीच्या भल्यासाठी असलेल्या संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, मिळत नाही. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, महिला आणि मुलं यांच्यासाठीची संस्था याला अपवाद आहे. आणि ८०जी नाही म्हणजे सीएसआर-१ नोंदणी, कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा पैसा (सीएसआर) घ्यायला लागणारी, नाही. ती नसेल तर २०२१ पासून कंपनी आपला सीएसआरचा पैसा तुमच्या ट्रस्टमार्फत खर्चच करू शकत नाही. वर्षभर कंपन्यांचे उंबरे झिजवले, आणि अडसर आपल्याच घटनेत, दुसऱ्या पानावर.

उपाय आहे, पण क्रमानं. आधी सभेत ठराव करून उद्देश खुला करा: "सर्व जातीधर्मांतील गरजू". काम तुमच्या वस्तीत करायला कुणी अडवत नाही. मग धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद. आणि १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी देणारी नोंदणी) आधीच मिळालेलं असेल, तर उद्देश बदलल्यापासून ३० दिवसांत आयकर खात्याकडे पुन्हा अर्ज. ही शेवटची पायरी हमखास विसरली जाते.

धर्मादायचा विषय निघालाच आहे तर चेंज रिपोर्टही बघा, म्हणजे विश्वस्त-पदाधिकारी बदलल्याची तिथं द्यायची खबर. एका महिला मंडळाची फाईल आली. परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादायच्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, अध्यक्ष म्हणून ज्या आजींचं नाव, त्यांना जाऊन नऊ वर्षं झालेली. निवडणुका नियमित, इतिवृत्त सुरेख अक्षरात, चेंज रिपोर्ट मात्र एकही नाही. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. सीएसआरचा पैसा देऊ पाहणाऱ्या कंपनीच्या माणसानं नोंदणीतली नावं आणि बँकेतल्या सह्या ताडून पाहिल्या आणि फाईल मिटली. मग उशीरमाफीच्या अर्जासह सगळे रिपोर्ट एकामागून एक दाखल करावे लागले. कंपनीचं ते आर्थिक वर्ष गेलं ते गेलंच.

पाच टक्के आणि वीस टक्के

बहुतेक संस्था अंदाजपत्रकातून पगार गाळतात. कारण विचारलं तर, "सीएसआरमध्ये प्रशासनावर पाचच टक्के चालतात." ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कार्यालयाच्या खर्चाला आहे. तुमच्या शिकवणी वर्गातल्या शिक्षिकेचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च आहे, तो लिहा. वीस टक्क्यांची मर्यादा वेगळी. ती परदेशी देणगीच्या कायद्यातली, संस्थेच्या प्रशासकीय खर्चावरची.

वेळेचंही भान ठेवा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात प्रस्ताव घेऊन धावणाऱ्यांना बहुतेकदा रिकाम्या हाती परतावं लागतं. आणि संस्था तीन वर्षं जुनी, काम दाखवता येण्याजोगी हवी. नवीन असाल तर मोठ्या ट्रस्टबरोबर जोडीनं काम करा. मात्र त्या ट्रस्टचा पैसा परदेशी देणगीचा असेल तर २०२० पासून तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही.

अमेरिकेतला भाचा

"भाचा न्यू जर्सीला आहे, तो पाच हजार डॉलर पाठवतोय." ऐकायला सगळ्यात सोपा मार्ग. इथे मी एकच गोष्ट मागते: त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो. पासपोर्ट भारतीय असेल, अगदी ग्रीन कार्ड असलं तरी, आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले असून बँकेमार्फत येत असतील, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. तो अमेरिकन नागरिक झाला असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी ती परदेशी देणगीच. त्यासाठी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत वेगळं खातं लागतं. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाख खर्च केलेली हवी. भाच्यानं पैसे मंडळाच्या साध्या खात्यावर टाकले तर कायद्याचा भंग तुमच्या नावावर चढतो, त्याच्या नाही.

मागच्या वेळी ज्यांना हे सांगितलं, ते काका दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "मागच्या महिन्यात आलेत की हो खात्यावर." तुमचीही तीच गत असेल तर ते पैसे खर्चू नका, इकडेतिकडे वळवू नका. बँकेचा उतारा घ्या आणि त्याच दिवशी सीएला गाठा.