ट्रॅक्टर उतरताना बघा: डोंगरातल्या बागेसाठी जुना ट्रॅक्टर घेताना

जुना ट्रॅक्टर विकणारा माणूस आपल्याला तो चढावर चढवून दाखवतो. आमचा पहिला ट्रॅक्टर आम्ही असाच घेतला. ३५ एचपीचा, टू व्हील (म्हणजे इंजिनाची ओढ फक्त मागच्या दोन चाकांना), घाटावरचा. मालकाने घरामागच्या टेकाडावर भर्रकन नेला आणि वरून ओरडला, "वहिनी, घोडा आहे घोडा!" चढायला तो खरंच घोडा होता. एप्रिलमध्ये काजूबियांची पोती भरलेली ट्रॉली घेऊन मी बागेतून उतरत होते. ब्रेक दाबला, मागची दोन्ही चाकं जागच्या जागी आवळली, आणि ट्रॅक्टर तसाच घसरत खाली निघाला. पायाखाली सुटा मुरूम, त्यावर काजूचा वाळका पाचोळा, मागून ट्रॉलीचा रेटा. वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीच्या एका जुन्या झाडाने आम्हाला अडवलं. झाड गेलं, मी गुडघ्याच्या सात टाक्यांवर सुटले.

सिंधुदुर्गातल्या आमच्या दोडामार्गात जमीन म्हणजे वरकस (डोंगरातली हलकी जमीन), उतार आणि झाडी. इथे ट्रॅक्टर घ्यायचा तो उतरतो कसा हे बघून. सावंतवाडीचा आमचा मेकॅनिक म्हणतो तसं, "आदी उतरवन बघा, मगे पैशे मोजा."

टू व्हील ट्रॅक्टरला पुढच्या चाकांना ब्रेक नसतोच. उताराला वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी पडतात, आणि ब्रेक फक्त त्याच हलक्या चाकांना. फोर व्हील लावलेला असला की पुढची चाकंही गिअरला बांधली जातात, त्यामुळे इंजिनाची पकड चारही चाकांना मिळते. लोक फोर व्हील चढण्यासाठी मागतात. मी उतरण्यासाठी मागते.

ट्रॅक्टर बघायला जाण्याआधी स्वतःचा उतार मोजा. दोन मीटरची सरळ रीप घ्या, तिचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेका, वर स्पिरिट लेव्हल ठेवून रीप आडवी धरा आणि उताराकडच्या अधांतरी टोकापासून जमिनीपर्यंत टेप लावा. साधारण ३५ सेंटिमीटर आले तर उतार १० अंश, ५४ आले तर १५, ७३ आले तर २०. आमची बाग डोळ्यांना सगळी सारखीच वाटायची. मोजल्यावर कळलं की वरचा तिसरा हिस्सा २० च्या पुढे आहे. तिथे आता ट्रॅक्टर जातच नाही, ब्रशकटर आणि डोक्यावरची पाटी जाते. माझ्यापुरती मर्यादा मी १५ ठेवली आहे, तीही कोरड्या जमिनीवर आणि सरळ वर-खाली. उताराला आडवा ट्रॅक्टर मी घालत नाही. पावसात ही तांबडी माती साबणासारखी होते, तेव्हा अंश मोजण्यात अर्थ नाही.

एचपीच्या मोहात पडू नका. काजूची लावण ७ बाय ७ किंवा ८ बाय ८ मीटरवर असते, पण दहा वर्षांत फांद्या एकमेकींना भिडतात. बुटका, चार फुटांच्या आत रुंदीचा ट्रॅक्टर तिथे फिरतो. महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार बी २४४१ ही २४ एचपीची फोर व्हील मॉडेलं जुन्या बाजारात अधूनमधून मिळतात. स्वराज ७१७ आणि युवराज २१५ हे १५ एचपीचे, स्वस्त आणि सपाट बागेत गुणी, पण टू व्हील. उतारासाठी मी घेणार नाही. अरुंद ट्रॅक्टरची एक खोड आहे: तो कुशीवर लवकर कलंडतो. म्हणून मागच्या चाकाची डिश (मधली वाटीसारखी तबकडी) उलटी घालून चाकं बाहेर काढता येतात का ते बघा. तसं करताना डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे घालावं लागतं, नाहीतर टायरच्या नक्षीची दिशा उलटी होते. मागच्या टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलं की वजन खाली बसतं. पाणी फुकट आहे, तरी कुणी भरत नाही.

आता पाहणी. "निघालोय" असा फोन करू नका. पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर चहा घ्या आणि ते थंड होऊ द्या. थंड इंजिन कसं चालू होतं तेच बघायचं आहे. सुरुवातीला थोडा धूर चालेल. निळा धूर थांबतच नसेल तर इंजिन ऑइल खातंय. इंजिन गरम झाल्यावर ऑइल टाकायचं झाकण उघडा. आतून भसाभस वाफारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तासांचा मीटर काय म्हणतो याला मी फार किंमत देत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलवरचं रबर मीटरपेक्षा खरं बोलतं. मीटर ९०० तास आणि रबर झिजून लोखंड चमकतंय, तर हसा आणि उठा.

चंदगडकडचे किंवा आपल्या खालाटीतले (खालच्या भातशेतीतले) ट्रॅक्टर चिखलणीला चाललेले असतात. चिखल आणि पाणी मागच्या धुऱ्याचे सील खातं. मागच्या चाकाच्या आत वाकून बघा. रिमवर ओला काळा ओघळ असेल तर ऑइल ब्रेककडे उतरतंय. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढा. ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. फोर व्हीलमध्ये पुढच्या चाकांच्या गुडघ्यांपाशी ओल बघा, पुढचा धुरा जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवून खेळ बघा. आणि टायर: पुढचे मागच्यांपेक्षा खूपच झिजलेले असतील तर गडी डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावून हिंडलाय. पुढे भलत्याच साइजचे नवे टायर दिसले तर त्याहून वाईट. पुढच्या-मागच्या चाकांचं गणित बिघडलं की पुढचे गिअर रडतात.

मग उतरण. मालकाकडे उतार नसेल तर शोधा, गावात एक तरी पाणंद असतेच. फोर व्हील लावा, लो (हळू) रेंजमध्ये पहिला गिअर टाका, डाव्या-उजव्या चाकांच्या दोन्ही ब्रेक पॅडलची कडी जोडून घ्या आणि उतरायला लागल्यावर पाय पॅडलवरून काढून सपाट फूटबोर्डवर ठेवा. पायच काढून घ्यायचे, हेच अवघड. चांगला ट्रॅक्टर इंजिनावर रेंगाळत, गुरगुरत उतरतो. गिअरच्या दांड्याला हात लावू नका, फक्त जवळ ठेवा. झिजलेला गिअर चढताना नीट धरतो, कारण ओढ एकाच बाजूला असते. उतरताना ओढ उलटी होते आणि तो टक्‌ करून न्यूट्रलला उडी मारतो. मी बघितलेल्या तिसऱ्या ट्रॅक्टरचा असाच उडाला. नशीब, पाय ब्रेकजवळ होता. मालक म्हणाला, "तो असंच करतो, दांडा धरून ठेवायचा." मी मनात म्हटलं, एक हात दांड्याला, एक स्टिअरिंगला, आणि कपाळाला कुठला लावू?

खाली यायच्या आधी मधेच थांबवून हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, आणि पाचेक मिनिटं गप्पा मारा. ट्रॅक्टर सरकला की गप्पा संपल्या.

झाडीतल्या ट्रॅक्टरच्या काही बारीक गोष्टी वेगळ्याच. उभा सायलेन्सर फांद्यांत अडकतो. आडवा, खालून जाणारा असेल तर वाळक्या पाचोळ्याला तापलेल्या नळीची झळ लागू नये. तोडलेल्या झाडाचं खुंट टायरची कुशी फाडतं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतं, म्हणून टायर आतल्या बाजूने तपासा. रेडिएटरसमोर जाळी हवी, आणि ती हाताने काढता येणारी. रोलबार (ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) असेल तर सोनं. असेल तर पट्टा बांधाच, नसेल तर पट्टा बांधू नका, म्हणजे उडी मारायला मोकळे राहाल. लाकूड ओढायचं असेल तर साखळी नेहमी खालच्या हुकाला. वरच्या पॉइंटला बांधलं की पुढचा भाग उचलतो आणि ट्रॅक्टर पाठीवर पडतो. पाय क्लचवर जायलाही वेळ मिळत नाही.

कागदांचं थोडक्यात: चासी आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी ताडून बघा. एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंगचा ट्रॅक्टर एमएच-०७ (सिंधुदुर्ग) मध्ये आणताना एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, लागते का ते आरटीओत विचारा, नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. अनुदानावर घेतलेला ट्रॅक्टर काही वर्षं विकता येत नाही. "ते नंतर बघू" हे ऐकलं की काय ते समजा.

आमचा दुसरा ट्रॅक्टर मी तिलारी घाटातून चालवत आणला नाही, टेम्पोत घालून आणला. आल्या दिवशी मागच्या टायरमध्ये पाणी भरलं, आणि दुसऱ्या दिवशी रीप आणि लेव्हल घेऊन बागेत फिरून १५ अंशांच्या पलीकडच्या झाडांच्या बुंध्यांना लाल रंगाचा पट्टा मारला. त्या वेंगुर्ला-४ च्या खुंटालाही मारला.