डु बॉइस वाचायला घेताना

अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ या पुस्तकात (1903) 14 प्रकरणं आहेत. ओळीनं वाचायला बसलात तर दुसऱ्याच प्रकरणात अडकाल. तो फ्रीडमेन्स ब्यूरोचा, म्हणजे गुलामीतून सुटलेल्यांसाठी नेमलेल्या सरकारी खात्याचा इतिहास आहे. त्या काळाची ओळख नसेल तर नावं आणि कायदे नुसते अंगावर येतात. म्हणून क्रम असा ठेवा: 1, 4, 8, 3, मग 2, आणि शेवटी 14. बाकीची नंतर.

पहिलं प्रकरण दोनदा वाचा. शाळेत मुलं एकमेकांना भेटकार्डं देताहेत, नवीन आलेली एक मुलगी लहानग्या डु बॉइस यांचं कार्ड फटकन नाकारते. ‘पडदा’ (veil) हा शब्द तिथून येतो: गोऱ्यांच्या जगापासून त्यांना वेगळं पाडणारा. ‘बुरखा’ म्हणू नका, अर्थ भलतीकडे जातो. पुढे येते ‘दुहेरी जाणीव’: सतत दुसऱ्याच्या डोळ्यांनी स्वतःकडे पाहावं लागणं. हिचं ‘द्विधा मनःस्थिती’ केलंत की सगळं बिघडतं, कारण मग दोष त्या माणसाच्या मनाचा वाटतो. डु बॉइस बोट दाखवतात ते तुच्छतेनं पाहणाऱ्या जगाकडे.

आठव्या प्रकरणाला कागद-पेन्सिल हवीच. जॉर्जियातल्या डॉगर्टी काउंटीत कापूस पिकवणारं कूळ दुकानदाराकडे आधी खेचर गहाण टाकतं, मग उभं पीक. बदल्यात पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे 30 पौंड चरबट डुकराचं मांस आणि दोनेक बुशेल (धान्य मोजायचं माप) मक्याचं पीठ उधारीवर मिळतं. कापूस तोच दुकानदार विकतो, जमिनीचा खंड आणि आपली उधारी आधी वळती करतो. हा हिशेब पायरीपायरीनं मांडा. कायद्यानं मोकळा झालेला माणूस कर्जात कसा बांधला जातो, ते त्या कागदावर दिसतं.

तिसऱ्यात बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी वाद आहे; ते कृष्णवर्णीयांचे तेव्हाचे मोठे नेते, हस्तव्यवसायाच्या शिक्षणावर भर देणारे. हा वाद ‘हस्तव्यवसाय की कॉलेज’ एवढाच समजू नका. मतदान, नागरी समता आणि कुवतीप्रमाणे शिक्षण या डु बॉइस यांच्या तीन मागण्या वेगळ्या लिहून घ्या. वॉशिंग्टन यांना दिलेलं श्रेयही गाळू नका.

चौदावं प्रकरण गुलामांच्या शोकगीतांवर आहे. त्याआधी ती गाणी गाणाऱ्या फिस्क ज्युबिली सिंगर्स या कृष्णवर्णीय गायकवृंदाला ऐका. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर शब्दांशिवाय छापलेल्या सुरावटी याच शोकगीतांच्या आहेत. त्या नक्षी समजून ओलांडल्या जातात, ते फार वाईट वाटतं.

जातीशी तुलना मनात येणारच. 1946 साली बाबासाहेबांनी स्वतः डु बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या होत्या. पण ‘वर्ण’ (म्हणजे कातडीचा रंग) खोडून तिथे ‘जात’ लिहू नका. वहीत दोन रकाने आखा, साम्य आणि फरक. फरकाच्या रकान्यात पहिली नोंद ही करा: तिथे रेषा कातडीच्या रंगावर ओढली जाते, इथे आडनाव विचारून.